ग्रंथालय अनुदान आणि गावची शाळा

चौथी इयत्ता ओलांडलेल्या मुलाच्या हाती पुढील दोन-तीन वर्षांत क्रमिक पुस्तकावाचून दुसरे पुस्तक आले नाही, तर त्याचे वाचन हळूहळू मंदावते. ओळ वाचताना बोट पुन्हा अक्षराखाली फिरू लागते, जोडाक्षरापाशी जीभ अडखळते, आणि अखेर वाचण्याची गोडी जाऊन केवळ सही करण्यापुरते शिक्षण उरते. शिक्षकाने चार वर्षे घेतलेले कष्ट अशा रीतीने वाया जातात. शेतात पेरलेल्या बियाण्याला उगवल्यावर पाणी मिळाले नाही, तर दोष बियाण्याचा नव्हे. तसेच हेही आहे. म्हणून गावात पुस्तक कोठून येते, त्यासाठी शासन कोणते साहाय्य देते आणि त्या साहाय्याशी शाळेची सांगड कशी घालावी, हे प्रत्येक प्राथमिक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१. साताऱ्याचा अनुभव

या प्रश्नाची जाणीव सातारा जिल्ह्यास फार पूर्वी झाली आहे. १९५९ साली याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहिमेस आरंभ झाला. प्राथमिक शिक्षकांनी विनावेतन रात्रीचे वर्ग चालवून निरक्षर स्त्री-पुरुषांस लिहावयास-वाचावयास शिकविले. गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ होई व साऱ्या गावासमक्ष शपथ घेतली जाई. १९६१ नंतर ही मोहीम राज्यात इतरत्र पसरली. परंतु मोहिमेच्या योजकांनी केवळ समारंभावर समाधान मानले नाही. साक्षर झालेला प्रौढ पुन्हा निरक्षर होऊ नये यासाठी पुढील वर्ग आणि फिरती ग्रंथालये यांची जोड तिला देण्यात आली. ज्या गावी ही जोड टिकली नाही, तेथे शिकलेले विसरले जाण्याचा धोका उघड होता. साक्षरता मिळविणे हे एका मोसमाचे काम असते, ती टिकविणे हे कायमचे काम असते, हा त्या अनुभवाचा बोध होय.

२. अनुदानाची पूर्वपीठिका

सार्वजनिक ग्रंथालयास सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा, हा विचार आपल्याकडे बडोदे संस्थानात प्रथम भरघोसपणे अमलात आला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांतपंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, अशी तेथील सोय होती. ज्या गावी ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या जात. या योजनेत गावाची वर्गणी ही पहिली पायरी होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अनुदान हे गावाच्या उत्साहाला दिलेले उत्तर होते.

पुढे १९३९ साली मुंबई प्रांताच्या सरकारने फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका व ग्राम ग्रंथालयापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची रचना तिने सुचविली. आर्थिक अडचणींमुळे तिची अंमलबजावणी लांबली व १९४७ नंतर तिला चालना मिळाली. दरम्यान १९४५ साली शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील तो पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. १९४८ साली मद्रास प्रांताने कायदा करून ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर बसविला.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याने मद्रासचा मार्ग पत्करला नाही. लोकांवर ग्रंथालयकर न बसविता राज्य शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत, अशी तरतूद त्यात करण्यात आली. प्रत्यक्ष खर्च पुढे त्याच्या कितीतरी पट झाला. तसेच गावोगावी शासनाने स्वतःची ग्रंथालये न काढता लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांनाच मान्यता व साहाय्यक अनुदान द्यावे, असे ठरले. या पद्धतीमुळे राज्यात सुमारे बारा हजार ग्रंथालये उभी राहिली, हा तिचा गुण. जेथे पुढाकार घेणारी माणसे नव्हती तेथे ग्रंथालयच झाले नाही, ही तिची उणीव. डोंगरकपारीतील वाडी व माणदेशातील दुष्काळी गाव यांच्या वाट्यास बहुधा ही उणीवच आली.

३. अनुदान कसे मिळते

मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे चार वर्ग आहेत. ग्रंथांची व सभासदांची संख्या, येणारी वृत्तपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, इमारत, सेवकवर्ग इत्यादी गोष्टींवरून वर्ग ठरतो. जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय व इतर ग्रंथालय यांचे दर निरनिराळे असतात. ग्रंथालयाने वर्षअखेर आपला वार्षिक अहवाल व तपासलेले हिशेब जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असतात. अनुदान जिल्हा परिषदेकडून नव्हे, तर ग्रंथालय संचालनालयाकडून येते. पुष्कळ गावकऱ्यांचा या बाबतीत गैरसमज असतो.

आकडे पाहिले म्हणजे परिस्थिती उमगते. २०१२ साली वाढविलेल्या दरानुसार ड वर्गाच्या गावच्या ग्रंथालयास वर्षाला कमाल ३० हजार रुपये मिळू लागले. २०२२-२३ च्या सुमारास ६० टक्के वाढीचा निर्णय झाला, म्हणजे ही रक्कम ४८ हजारांवर गेली. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर व निम्मा इतर खर्चावर करावयाचा असतो. त्या दराने ग्रंथपालाच्या वाट्यास वर्षाला २४ हजार, म्हणजे महिन्याला २ हजार रुपये आले. उरलेल्या २४ हजारांत पुस्तके, वृत्तपत्रे, वीज, भाडे व बांधणी भागवावी लागली. गावचे वाचनालय दिवसातून काही तासच का उघडे असते, याचे उत्तर या हिशेबात आहे. ग्रंथपालास दूषण देण्यापूर्वी हा हिशेब शिक्षकाने गावकऱ्यांपुढे मांडावा.

अनुदानाबरोबर तपासणीही येते. २०१२ साली राज्यातील ग्रंथालयांची महसूल यंत्रणेमार्फत सरसकट पडताळणी झाली, तेव्हा कागदावरच चालणारी काही ग्रंथालये उजेडात आली. नोंदवहीतील वाचक आणि प्रत्यक्ष वाचक यांत अंतर पडले की प्रामाणिक संस्थेसही झळ पोचते.

राज्याच्या अनुदानाखेरीज कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान साहाय्य देते. त्याची स्थापना १९७२ साली झाली. राज्य शासन आपला वाटा घालते, प्रतिष्ठान आपला घालते, व या एकत्रित निधीतून ग्रंथ घेऊन ते ग्रंथालयांस वाटले जातात. शाळांसाठी मार्ग वेगळा आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना इयत्तांच्या स्तरानुसार ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली.

४. दोन्ही जिल्ह्यांची ग्रंथसंपदा

सातारा व सांगली हे मूळचे एकाच जिल्ह्याचे भाग. १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशास ग्रंथांची परंपरा मोठी आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस चालले. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी शासनाच्या पुढाकाराने पुस्तकांचे गाव सुरू झाले. गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. पुढे या योजनेच्या विस्तारात सांगली जिल्ह्यातील अंकलखोप या गावाची निवड झाली.

ही संपदा किती नाजूक असते, हेही याच भूमीने पाहिले. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीच्या नगरवाचनालयात पाणी शिरून ग्रंथांची मोठी हानी झाली. नदीकाठच्या शाळांनी यावरून धडा घ्यावा. पुस्तकांचे कपाट पावसाळ्यापूर्वी उंचावर हलवावे, आणि ग्रंथनोंदवही पुस्तकांपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

५. पुस्तकांची पेटी : एक सोपी योजना

अनुदान थोडे असले तरी वाटून घेतल्याने ते वाढते. समजा, एका केंद्रात दहा शाळा आहेत व प्रत्येकीस ५ हजार रुपये मिळाले. एका पुस्तकाची सरासरी किंमत १०० रुपये धरली, तर प्रत्येक शाळेत ५० पुस्तके येतील. दहाही शाळांनी तीच यादी मागविली, तर केंद्रात ५०० प्रती झाल्या तरी मुलास वर्षभरात ५० पुस्तकेच पाहावयास मिळतील. परंतु खरेदीपूर्वी मुख्याध्यापकांनी एकत्र बसून याद्या जुळविल्या आणि प्रत्येक शाळेची पुस्तके निराळी ठेवली, तर केंद्रात ५०० निरनिराळी पुस्तके होतील. शाळेचे वर्ष दहा महिन्यांचे. दर महिन्यास एक पेटी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेली, तर लहानशा वाडीवरील मुलासमोरही वर्षाकाठी ५०० पुस्तके येतील. पैसा तितकाच राहून पुस्तके दहापट होतात.

ही योजना राबविताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

(अ) पुस्तकाची मालकी ज्या शाळेच्या अनुदानातून ते घेतले तिचीच राहावी व तिच्याच नोंदवहीत त्याची नोंद असावी. इतर शाळांस ते उसने दिले आहे, एवढेच मानावे.

(आ) पेटीच्या झाकणास आतून पुस्तकांची यादी चिकटवावी. दरमहाच्या शिक्षण परिषदेत पेट्यांची अदलाबदल करावी. त्यासाठी वेगळी फेरी नको.

(इ) पुस्तक देण्या-घेण्याची वही तिसरी-चौथीच्या मुलांनी लिहावी. लेखनाचा तो उत्तम पाठ होतो.

(ई) पुस्तक फाटल्याची वा हरवल्याची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वेळच्या वेळी घ्यावी व ठराव करावा.

शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. अनेक शाळांतील कपाटास कुलूप असते, ते आळसामुळे नव्हे, भीतीमुळे. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्या पगारातून होईल, अशी धास्ती शिक्षकास वाटते. ही धास्ती ठरावाने व नोंदीने दूर करता येते. कोरे करकरीत राहिलेले पुस्तक तपासणीच्या वेळी शोभून दिसते, परंतु ज्यासाठी अनुदान मिळाले ते काम त्याच्या हातून झालेले नसते. वापराने झिजलेले पुस्तक हा अनुदानाच्या सदुपयोगाचा पुरावा समजावा.

गावात मान्यताप्राप्त वाचनालय असल्यास शिक्षकाने त्याच्या कार्यकारी मंडळाशी संबंध ठेवावा. आठवड्यातून एक दिवस वर्ग तेथे न्यावा, बालविभागाची मागणी करावी, मुलांच्या वाचनाची नोंद तेथील वहीत होईल असे पाहावे. वाचकसंख्या खरोखर वाढली की वाचनालयाचा वर्ग व अनुदान टिकण्यास मदत होते. वाचनालय टिकले की शाळा सोडलेल्या मुलास पुस्तक मिळत राहते. शाळेचा दाखला घेऊन मूल बाहेर पडते तेव्हा त्यास गावच्या वाचनालयाचा सभासद करून देणे, हे शिक्षकाचे त्या मुलासाठी अखेरचे आणि कदाचित सर्वांत टिकाऊ काम ठरेल.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या केंद्रातील प्रत्येक शाळेत निरनिराळी पुस्तके किती व एकाच पुस्तकाच्या प्रती किती ?
२. गत वर्षात कपाटातील किती पुस्तके मुलांच्या घरी गेली ?
३. आपल्या गावात मान्यताप्राप्त ग्रंथालय आहे काय ? असल्यास ते कोणत्या वर्गाचे व त्यात बालवाचक किती ?
४. गेल्या पाच वर्षांत शाळा सोडून गेलेल्यांपैकी कोण वाचत आहे, याचा शोध कसा घेता येईल ?