वाद्यमंडळासाठीं साधा अँप्लिफायर कसा निवडावा

दिवाळी सरली आणि धान कापणीस आलें म्हणजे आमच्या झाडीपट्टींत मंडईचे दिवस सुरू होतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या चार जिल्ह्यांत त्या दिवसांत गांवोगांवीं दंडार, नाटकें व गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील नाटकमंडळ्या तर वादक बरोबर घेऊनच फिरतात. ज्या घरीं पूर्वीं पेटी व ढोलक एवढींच वाद्यें होतीं, तेथील मुलाच्या हातीं आतां विजेची गिटार दिसते. चार-पांच तरुण एकत्र येतात, मंडळ स्थापितात, वर्गणी काढितात, आणि लौकरच त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहतो कीं, गिटारीसाठीं अँप्लिफायर कोणता घ्यावा? हा धानाच्या पैशाचा प्रश्न आहे; आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें जिवाचाही आहे. म्हणून आजच्या पाठांत त्याचा क्रमानें विचार करूं.

१. अँप्लिफायर काय करितो

विजेच्या गिटारीस बहुधा पोकळ पोट नसतें, म्हणून तिची तार नुसती छेडिली तर शेजारच्या माणसासही ती नीट ऐकूं येत नाहीं. तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. पोलादी तार हालली कीं त्या वेढ्यांत अगदीं क्षीण वीज उत्पन्न होते. अँप्लिफायर त्या क्षीण विजेच्या हुकुमाप्रमाणें मोठी वीज स्पीकरास देतो; स्पीकराचा कागदी पडदा हालतो व आवाज निघतो. इटियाडोहाच्या कालव्यावरील मनुष्य हातानें लहानशी चक्री फिरवितो आणि तेवढ्यानें मोठें पाणी सुटतें किंवा थांबतें. तसेंच हें आहे.

हें दार पूर्वीं कांचेच्या व्हॉल्व्हचें असे. इ.स. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्यांस व त्यांचे सहकारी विल्यम शॉक्ली यांस इ.स. १९५६ मध्यें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. शेतावर नेण्याच्या लहान रेडिओस आमचे लोक ‘ट्रान्झिस्टर’ म्हणूं लागले तें याच वस्तूच्या नांवावरून.

२. व्हॉल्व्ह कीं ट्रान्झिस्टर?

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा एक गुण प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. त्यास शक्तीबाहेर ताणिलें असतां त्याचा आवाज हळूहळू फाटतो, आणि तो फाटलेला आवाज पुष्कळ वादकांस गोड वाटतो. परंतु त्यांत कांच आहे, जड ट्रान्सफॉर्मर आहे, आणि व्हॉल्व्ह झिजले म्हणजे बदलावे लागतात. टेंपोंत घालून खडबडीत रस्त्यानें सालेकसा किंवा देवरीच्या रानांतील गांवीं न्यावयाची वस्तु ती नव्हे. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर त्या मानानें हलका, स्वस्त व सोशीक असतो, आणि बटन दाबतांच बोलूं लागतो.

हा गरिबांसाठीं केलेला दुय्यम माल आहे, असें कोणी समजूं नये. जपानच्या रोलंड कंपनीचा ‘जाझ कोरस १२०’ इ.स. १९७५ मध्यें निघाला. तो ट्रान्झिस्टरचाच असून त्याच्या स्वच्छ आवाजाकरितां जगभरचे वादक त्यास मानितात. तो महाग व जड आहे, तेव्हां तोच घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. ट्रान्झिस्टरची लाज वाटण्याचें कारण नाहीं, एवढेंच म्हणणें आहे. मात्र त्याचा एक दोष ध्यानांत ठेवावा. शक्तीची सीमा संपली कीं याचा आवाज एकदम व कर्कश फाटतो. म्हणून त्याची शक्ति गरजेपेक्षां कांहींशी अधिकच असावी.

३. किती वॅट पुरेत?

दुकानांत पहिला प्रश्न वॅटचा निघतो, आणि येथेंच पुष्कळ मंडळें फसतात. ५० वॅटच्या जागीं १०० वॅट घेतले तर आवाज दुप्पट होईल असें वाटतें. पण तसें होत नाहीं. वॅट दुप्पट केले असतां आवाज अवघा ३ डेसिबलनें वाढतो, आणि तेवढा फरक कानास थोडाच जाणवतो. आवाज दुप्पट वाटावा म्हणून सुमारें १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट, लागतात. शिवाय सर्व स्पीकर सारखे नसतात. समजा, एक वॅट देऊन एक मीटर अंतरावर मोजिलें असतां एक स्पीकर ९३ डेसिबल आवाज देतो व दुसरा ९९; तर दुसरा २५ वॅटवर पहिल्याच्या १०० वॅटची बरोबरी करील. तेव्हां मोठा आंकडा पाहून भुलूं नये.

मंडळांत पेटी, ढोलक व गिटार एवढेंच असेल आणि जागा उपासनेची खोली किंवा घराचें अंगण असेल, तर २० ते ३० वॅट व १० इंची स्पीकर पुरे आहे. ज्या मंडळांत ड्रम किंवा ताशा आहे त्यानें ५० ते १०० वॅट व १२ इंची स्पीकर घ्यावा. १० वॅटचा लहान डबा घरीं सरावास उत्तम. पण ड्रमच्या शेजारीं तो मुका ठरतो. बेस गिटार मात्र या अँप्लिफायरला जोडूं नये. तिच्या खर्जाच्या स्वरांनीं स्पीकर फाटण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, मंडईच्या मैदानांत एवढ्यानें काय होणार? मोकळ्या जागेंत ऐकणारा दुप्पट दूर गेला कीं आवाज ६ डेसिबलनें उतरतो, हें खरें. परंतु शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोंचविणें हें काम मंडपाच्या मोठ्या कर्ण्यांचें आहे. अँप्लिफायर आहे तो मंडळांतील वादकांनीं एकमेकांस नीट ऐकावें म्हणून. मोठ्या कार्यक्रमांत त्याच्यापुढें माईक ठेवावा, किंवा ‘लाईन आउट’ असें लिहिलेल्या छिद्रांतून मिक्सरला तार द्यावी. असें छिद्र आहे कीं नाहीं, हें घेतांनाच पाहावें.

४. ओझ्याचें उलट गणित

अँप्लिफायरच्या पाठीवर स्पीकरासाठीं ‘कमींत कमी ४ ओहम’ किंवा ‘८ ओहम’ असें लिहिलेलें असतें. ओहमचा आंकडा जितका लहान तितकें ओझें मोठें. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडिले म्हणजे ४ ओहम होतात; तसेच चार जोडिले तर २. ज्याची मर्यादा ४ ओहम आहे, त्यास २ ओहमचें ओझें देणें म्हणजे एका बैलाकडून दोन बैलांची गाडी ओढविणें होय. ट्रान्झिस्टर तापून जळतात, आणि वर्षाची वर्गणी एका रात्रींत जाते.

५. अर्थिंगची गोष्ट

आतां सर्वांत महत्त्वाचें सांगतों. गिटारीच्या तारा अँप्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याशीं जोडिलेल्या असतात, आणि तो सांगाडा तीन पिनांपैकीं जाड पिनेनें जमिनीशीं जोडिलेला असतो. आंत बिघाड होऊन सांगाड्यावर वीज आली तर ती या मार्गानें जमिनींत जाते व फ्यूज उडतो. हें अर्थिंग नसेल तर वीज सांगाड्यावरच राहते. मग गाणाऱ्यानें हातानें तारा धरून ओंठ माईकला लाविले कीं तिला त्याच्या देहांतून वाट सांपडते. हिंवाळ्याच्या रात्रीं दंवानें भिजलेल्या जमिनीवर अनवाणी उभें राहणाऱ्यास हा धोका अधिकच.

ही नुसती भीति नव्हे. इ.स. १९७२ मध्यें वेल्समधील स्वान्झी येथें लेस हार्वे हा गिटारवादक भर रंगमंचावर माईकला हात लागतांच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. इ.स. १९७६ मध्यें कीथ रेल्फ हा प्रसिद्ध इंग्रज गायक घरीं गिटार वाजवीत असतां असाच गेला. अर्थिंग नीट नव्हतें. दोघेही वाद्यांत मुरलेले होते, परंतु त्यामुळें विजेनें त्यांची गय केली नाहीं.

आमच्याकडे मंडपांत कधीं दोन छिद्रांचाच बोर्ड मिळतो. मग कोणी जाड पिन कापून टाकितो, कोणी उघड्या तारा काड्या खोचून बसवितो. घरघर थांबावी म्हणून अर्थिंग तोडण्याचा सल्ला देणारेही भेटतात. यांतलें कांहींही कदापि करूं नये. वर्गणींतून पहिला खर्च तीन पिनांच्या चांगल्या बोर्डावर करावा, आणि त्यांत वीज गळतांच ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच, ज्यास दुकानदार आरसीसीबी म्हणतात, जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा. अँप्लिफायर, माईक व मिक्सर यांस एकाच बोर्डावरून वीज द्यावी. त्यानें घरघरही बहुधा कमी होते. कार्यक्रमापूर्वीं अर्थिंग चालू आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें, आणि नसेल तर त्या रात्रीं पेटी-ढोलकावरच गावें. वीज २३० व्होल्टच्या आसपास आहे ना, हेंही त्याच वेळीं पाहावें. जनरेटर असेल तर विशेषच.

६. दुकानांतील परीक्षा

बाजारांत बैल घेतांना आपण रंगविलेलीं शिंगें पाहून पैसे मोजीत नाहीं. दांत पाहतों, चालवून पाहतों. येथेंही तसेंच करावें. आपलीच गिटार व आपलाच वादक बरोबर न्यावा. आवाज पाऊण चढवून अर्धा तास वाजवावें, आणि आवाज फाटतो कीं काय तें ऐकावें. मग तारा दाबून स्तब्ध राहावें व घरघर किती आहे तें पाहावें. प्रत्येक खुंटी फिरवावी. खरखर झाली तर, विशेषतः जुन्या मालांत, किंमत कमी करावी किंवा परत फिरावें. तार घालण्याचें छिद्र किंचित् हालवून पाहावें. आवाज तुटूं नये. जळकट वास आला तर तो माल घेऊं नये.

नाना आवाजांचीं सोंगें करणारीं पुष्कळ बटनें नवशिक्यास मोहांत पाडितात. मंडळास खर्ज, मध्य व तार अशा तीन खुंट्या पुरेत. त्यांत मध्याची खुंटी असावीच, कारण वाद्यांच्या गर्दींत गिटार ऐकूं येते ती मध्यानें. आणि गाणाऱ्याचे शब्द बुडूं लागले तर तीच थोडी उतरवावी लागते. गोंदिया किंवा तिरोडा येथें जो कारागीर आपले कर्णे दुरुस्त करितो, त्यास आधींच विचारावें कीं, “दादा, याचे भाग मिळतील काय?” तो नाहीं म्हणेल तर तें नांव सोडावें. आणि सगळी वर्गणी एका डब्यावर उधळूं नये. दर शंभर रुपयांतील वीस तरी तारा, बोर्ड व दुरुस्ती यांकरितां राखावे.

७. वापरतांना

अँप्लिफायर जमिनीवर ठेविला तर त्याचा आवाज वादकाच्या गुडघ्यांस ऐकूं येतो, कानांस नाहीं; मग तो आवाज चढवीत बसतो. म्हणून डबा बाकावर ठेवून थोडा वर कलता करावा. प्रथम गाणाऱ्याचा आवाज ठरवावा, आणि मग गिटार त्याच्या खालीं बसवावी. ध्वनिप्रदूषणाच्या इ.स. २००० च्या नियमांप्रमाणें ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी लागते, व बंद सभागृहें वगैरे सोडून रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत त्यास मनाई आहे. तरुणांनीं ही परवानगी आधींच काढावी. शेजारीं आजारी माणूस व अभ्यास करणारें मूल असतें, याचीही आठवण ठेवावी.

सारांश, मंडळास पुरेल एवढ्याच शक्तीचा, साधा, दुरुस्त होण्याजोगा व अर्थिंग असलेला ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर घ्यावा. कार्यक्रमाहून घरीं जातांना लोक गाण्याचे शब्द गुणगुणत गेले आणि डब्याची गोष्ट कोणी काढिली नाहीं, तर निवड चांगली झाली असें समजावें.

विचारासाठीं प्रश्न

१. ५० वॅटच्या जागीं १०० वॅट घेतल्यानें आवाज दुप्पट कां होत नाहीं?
२. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडिले असतां किती ओहम होतात? त्यानें ओझें वाढतें कीं कमी होतें?
३. आपल्या गांवच्या मंडपांत अर्थिंग आहे काय? नसल्यास तें कोणाकडून करून घ्याल?
४. आपल्या मंडळाच्या गाण्यांत शब्द बुडतात काय? बुडत असल्यास प्रथम कोणाचा आवाज उतरवाल?