उसाचा चोथा आणि वाफेचे चक्र

गुऱ्हाळाचा क्रम कृष्णाकाठच्या वाचकांस ठाऊक आहे. चुलवाणात वाळलेली चिपाडे घालावी, काहिलीत रस आटवावा. रेठरे बुद्रुक किंवा साखराळे येथील साखर कारखाना पाहिला तर मूळ गोष्ट तीच. परंतु अशा कारखान्यांत विस्तव व रस ह्यांच्या मध्ये एक चक्र उभे केलेले असते. त्यास टर्बाइन म्हणतात.

शंभर टन ऊस गाळला असता सुमारे तीस टन चोथा निघतो. तो जाळून बॉयलरमध्ये वाफ करितात. उघड्यावर पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे १६०० पट जागा व्यापते. बॉयलरमध्ये तिला तशी मोकळीक नसते, म्हणून नव्या कारखान्यांत तिचा दाब बाहेरील हवेच्या साठ पटींहूनही अधिक चढवितात.

टर्बाइनचे पोलादी कवच दोन अर्धांचे असून बोल्टांनी आवळलेले असते. आत आडवा आस, त्यावर चकत्या, व चकत्यांच्या कडेस वाकविलेली पाती. फिरत्या पात्यांच्या दर रांगेपूर्वी कवचास जखडलेली स्थिर रांग असते. ती वाफेस वेग व दिशा देते, आणि फिरती पाती तिचा धक्का घेतात. सगळा दाब एकाच चकतीवर सोडिला तर वेग आवरेनासा होतो. म्हणून इंग्लंडातील चार्ल्स पार्सन्स ह्यांनी १८८४ साली तो पायरीपायरीने उतरविण्याची युक्ती काढिली. पुढे पुढे वाफ फुगते, यास्तव शेवटची पाती लांब असतात. आसाला जोडलेल्या यंत्रातून वीज निघते. कोयनेची चक्रे ह्याच कुळातील. तेथे धक्का पाण्याचा.

आता खरी मौज. चक्र फिरवून आलेल्या वाफेत उरते काय? बहुतेक सगळी उष्णता! बर्फाइतके गार पाणी उकळीस आणण्यास १०० भाग उष्णता लागली, तर त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० भाग लागतात. ही ठेव वाफ पुन्हा पाणी होईपर्यंत सोडीत नाही. कारखान्यात हीच वाफ रसाच्या नळ्यांभोवती खेळवितात. तेथे ती पाणी होते व ठेव रसाच्या पदरी पडते. एकाच जळणात वीजही झाली, रसही आटला. चोथा फुकटचा म्हणून तो कमी दाबाच्या जुन्या बॉयलरखाली जाळीत राहणे मला उधळपट्टीच वाटते. दाब वाढविला तर तेवढ्याच चोथ्यात विकण्याजोगी वीज उरते.

गाळप हंगाम संपला की मात्र ही ठेव घेणारा रस नसतो. तेव्हा वीज करावयाची तर वाफ थंड पाण्याने निववावी लागते, आणि ते ५४० भाग पाण्याबरोबर निघून जातात.