ओतकामापासून विद्यार्थ्यांनी काय शिकावे?

विद्या आणि हस्तकौशल्य ह्या दोन निराळ्या वाटा असून हुशार मुलाने पहिली धरावी व दुसरी इतरांसाठी सोडावी, अशी समजूत आपल्या समाजात फार दिवसांची आहे. चित्रकलेचा तास गणितास द्यावा, हातकामाचा तास इंग्रजीस द्यावा, असे सुचविणारे पालक आम्हांस दरवर्षी भेटतात. त्यांचा हेतू मुलाच्या हिताचाच असतो, यात शंका नाही. परंतु ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यास दूर जावयास नको. कोल्हापुराहून पंचगंगेचा पूल ओलांडून पुणे-बंगळूर महामार्गाने थोडे पुढे गेले की शिरोलीची एमआयडीसी लागते. तेथील ओतकारखान्यांत, ज्यांस आपण सारे फाउंड्री म्हणतो, लोखंडाचा एखादा भाग कसा जन्मास येतो, तेच ह्या पाठात पाहू.

जो भाग ओतावयाचा, त्याची हुबेहूब प्रतिकृती प्रथम लाकडाची किंवा धातूची करतात. हिला पॅटर्न म्हणतात. नंतर सिलिका जातीची वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, थोडी कोळशाची पूड व बेताचे पाणी एकत्र कालवितात. मूठ दाबून उघडली असता गोळा टिकावा, पण हात चिखलाने भरू नये, इतकीच ओल हवी. ही वाळू दोन चौकटींत पॅटर्नभोवती ठासून भरतात. मग चौकटी अलग करून पॅटर्न अलगद काढून घेतात व चौकटी पुन्हा एकमेकींवर बसवितात. आत जी पोकळी राहिली तोच साचा. भाग आतून पोकळ हवा असेल, तर वाळूचाच घट्ट केलेला गाभा, म्हणजे कोअर, त्या पोकळीत ठेवतात. शेवटी सुमारे १,३५० ते १,४०० अंश सेल्सिअस उष्णतेचा लोखंडाचा रस त्यात ओततात. रस थिजला की वाळू फोडून भाग बाहेर काढावयाचा.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण येथे पॅटर्न करणाऱ्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात, आणि दोहोंत मोठी विद्या साठविलेली आहे.

पहिली अडचण गणिताची. धातू थिजून निवताना आकसतो. साधे बीड सुमारे शेकडा १, तर ॲल्युमिनियम सुमारे शेकडा १.३ इतके आकसते. म्हणून ५०० मिलिमीटर लांबीचा बिडाचा भाग हवा असेल, तर पॅटर्न ५०५ मिलिमीटरांचा करावा लागतो. तोच भाग ॲल्युमिनियमचा हवा असेल, तर ५०६.५ मिलिमीटरांचा. शेकडेवारीचे उदाहरण वहीत चुकले तर एक गुण जातो. येथे चुकले तर ओतलेला सारा माल पुन्हा भट्टीत जातो.

दुसरी अडचण आकाराची. पॅटर्नच्या बाजू अगदी उभ्या ठेवल्या, तर तो वाळूतून काढताना साच्याच्या कडा ढासळतात. म्हणून प्रत्येक उभ्या बाजूस किंचित उतार द्यावा लागतो. कोठे किती उतार द्यावा, कोणता कोपरा गोल करावा, वस्तू कोणत्या रेषेवर दुभागली असता दोन्ही बाजूंनी सुखाने सुटेल, हे ओळखण्यास वस्तू चोहोबाजूंनी मनात फिरवून पाहता आली पाहिजे. मूर्तिकाराची दृष्टी ती हीच. आजकाल संगणकावर आराखडा काढून यंत्राकडून पॅटर्न कोरून घेतात, काही ठिकाणी तो थरावर थर चढवून छापतातही. पण उतार कशासाठी द्यावयाचा हे ज्यास ठाऊक नाही, त्याचा आराखडा संगणकही सावरू शकत नाही.

कला आणि यंत्रविद्या यांचे हे ऐक्य कोल्हापुरास नवे नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांस महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, त्यांचा जन्म येथे १८९० साली झाला. वडील हरहुन्नरी कारागीर. बाबूराव चित्रकला व मूर्तिकला स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. चुलतबंधू आनंदरावांबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. पुढे दोघांस चलच्चित्राचा ध्यास लागला. परंतु त्यासाठी लागणारा कॅमेरा जवळ नव्हता. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने त्यांनी कॅमेरा स्वतः जुळविला व १९१८ साली तो चालता केला. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढे आला.

त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही एक मोठी कर्मशाळाच होती. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी तेथे पडेल ते काम करीत तयार झाली आणि १९२९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. बोलपट आल्यावर, मूळचे चित्रकार असलेले दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार झाले. फत्तेलाल कलादिग्दर्शक होते. ह्या दोघांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ ह्या १९३६ सालच्या चित्रपटाचा पुढील वर्षी व्हेनिस येथे गौरव झाला. रंगाचा कुंचला आणि यंत्राचा स्क्रू ह्यांत ह्या माणसांनी उच्चनीच मानले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता शाळेत हे कसे करावे? वितळलेल्या धातूजवळ मुलांनी जाऊ नये, हे उघडच आहे. पण ओली वाळू, मातीकाम व प्लास्टर ऑफ पॅरिस यांवर हाच पाठ उत्तम होतो. प्रत्येकाने आपल्या नावाचे आद्याक्षर पुठ्ठ्याचे अथवा लाकडाचे करावे, ओल्या वाळूत दाबावे, अलगद उचलावे, आणि दोन भाग प्लास्टर एक भाग पाण्यात कालवून ओतावे. कालविण्यास काठी घ्यावी, हात घालू नये. कारण प्लास्टर घट्ट होताना तापते. ज्याचे अक्षर ‘ब’ असेल त्यास लवकरच कळून येईल की, पोटातील तिरप्या रेघेच्या दोन्ही अंगांची वाळू उतार दिल्यावाचून उभी राहत नाही. ज्याने सुलट अक्षर सरळ वाळूत कोरले, त्याच्या हाती उलटे अक्षर येईल. आणखी एक मौज अशी की, लोखंड थिजताना आकसते, तर प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते. अशा एका दुपारी भूमिती, रसायन आणि सुलेखन ह्यांचे तास एकदम होतात.

पाबळ येथील विज्ञान आश्रमाने हा विचार शाळेत आणून दाखविला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो स्थापिला. त्यांच्या पद्धतीत विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष काम करतात: जोडकाम, शेती, ऊर्जा, गृह व आरोग्य. २००२ साली तेथे अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या साह्याने फॅब लॅब निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना कारागिरांजवळ शिकावे, असे म्हटले आहे. हे दिवस केवळ सहलीत जाऊ नयेत, इतकेच आमचे म्हणणे.

“म्हणजे आमच्या मुलाने मोल्डर व्हावे काय?” असा प्रश्न पालक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे. ओतकाम कष्टाचे आहे. भट्टीची धग असते. सिलिकेची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांस कायमचा अपाय होतो. ह्या कामाचे पोकळ गोडवे आम्ही गाणार नाही. पण जो कधी वाळूस हात लावणार नाही, तो ही धूळ कमी करण्याची युक्ती कशी शोधील? उद्याचा इंजिनिअर, उद्याचा मालक, उद्याचा डॉक्टर ह्यांपैकी प्रत्येकास हे काम आतून माहीत असणे अगत्याचे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वडिलांचा धंदा विचारला असता काही मुले खाली मान घालतात व “कंपनीत आहेत” एवढेच पुटपुटतात. त्याच मुलाने स्वतः एक साचा करून पाहिला, दोनदा मोडला, तिसऱ्यांदा साधला, की वडिलांच्या हातात काय विद्या आहे हे त्यास कळते. मग तो घरी जाऊन त्यांस प्रश्न विचारू लागतो. ज्या शिक्षणाने मुलास आपल्या घराची लाज वाटू लागते, ते शिक्षण अपुरे समजावे.

तेव्हा पालकांस विनंती की, हातकामाच्या तासाचा हिशेब गुणांत करू नये, आणि मोडलेल्या वस्तूबद्दल मुलास रागावू नये. विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न सोडवून आणावे.

१. ८०० मिलिमीटर लांबीच्या बिडाच्या भागासाठी पॅटर्न किती लांब करावा?
२. आपल्या आद्याक्षराची कोणती बाजू वाळूतून सुटण्यास कठीण जाईल? आकृती काढून दाखवा.
३. घरातील ओतीव वस्तू शोधून तिच्यावरील जोडाची रेघ कोठे आहे ते पाहा. दोन चौकटी कोठे भेटल्या असतील?
४. घरातील एका वडीलधाऱ्या माणसास त्याच्या कामातील सर्वांत अवघड गोष्ट विचारा, आणि ती दहा ओळींत लिहा.