आतून पाहिलेला माणूस

शास्त्रवाचन : योहान ५:१-९

धार व देवास ही माळव्यातील पवारांची जुनी संस्थाने. १९४८ साली गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला राहावयास आले. गाणे बंद झाले. बाहेरून पाहणाऱ्याला केवळ रोगी दिसला असता. पण तो रोगी माळव्याची लोकगीते मन लावून ऐकत होता. काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा ती लोकगीते त्यांच्या गायनात उतरली.

मग माणूस ओळखावा कसा? मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) म्हणत, त्याचे जग त्याच्याच नजरेने पाहा, अट न घालता त्याचा स्वीकार करा. वाढण्याची ओढ प्रत्येकात असते. हे आपण आदराने ऐकावे. पापाची खोली व कृपेची गरज मात्र आपण पवित्र शास्त्रातूनच शिकतो.

बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभूने आधी त्याची इच्छा विचारली. शब्बाथशाळेतील मुलाला ‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी आपण त्याला काही विचारतो काय?

कृतीसाठी : या आठवड्यात वर्गातील एका अबोल मुलाचे बोलणे, मध्येच न तोडता, ऐकू या.