स्थानपोथी आणि देवबलोदा

भिलाईच्या सिविक सेंटरमधून देवबलोद्याच्या शिवमंदिराकडे निघणाऱ्या मराठी अभ्यासकाने महानुभावांची ‘स्थानपोथी’ स्मरावी. चौदाव्या शतकातील हा गद्यग्रंथ श्रीचक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने नोंदवितो; देवळाचे द्वार कोणत्या दिशेस, शेजारी काय, हे तो संक्षेपाने सांगतो. त्यामुळे पुढे नामशेष झालेली देवळेही तेथे जागच्या जागी राहिली आहेत. कलचुरिकालीन देवबलोद्याची स्थिती याच्या उलट होय. मंदिर व कुंड विद्यमान आहेत, शिखर नाही. आणि त्या अपुरेपणाचे कारण लोककथाच सांगते, की शिल्पकाराने कुंडात उडी घेतली. लोककथा त्याज्य नव्हे. परंतु तिला नोंदीचे स्थान देता येत नाही. यात्रिकाने आधी दिशा टिपावी, मग कथा ऐकावी.