अंतराळवीर का तरंगतो?
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी पाठाची मांडणी)

अंतराळयानात तरंगणारा माणूस विद्यार्थ्यांनी चित्रांत व चित्रफितींत पाहिलेला असतो. तो का तरंगतो, असा प्रश्न वर्गात निघाला म्हणजे बहुधा एकच उत्तर ऐकू येते : “तेथे गुरुत्वाकर्षण नसते.” हे उत्तर चूक आहे, आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. कारण पुढच्याच पाठात तोच शिक्षक सांगतो की, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे चंद्र तिच्याभोवती फिरतो. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तेथवर पोहोचणारे आकर्षण ४०० किलोमीटरवर कसे संपते, असे एखाद्या चौकस मुलीने विचारले, तर तिला गप्प बसविण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि एकदा गप्प बसविलेले मूल सहसा पुन्हा विचारीत नाही.

म्हणून पाठाचा आरंभ आकड्यांनी करावा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर. फळ्यावर पृथ्वीचे वर्तुळ ३२ सेंटिमीटर त्रिज्येचे काढले, तर स्थानकाचा मार्ग त्याच्या बाहेर अवघ्या २ सेंटिमीटरवर येतो. इतक्या जवळ गुरुत्वाकर्षण नाहीसे होईल कसे? जमिनीवर असते त्याच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग तेथे शिल्लक असते. त्या उंचीचा मनोरा बांधता आला असता, तर ५० किलो वजनाचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहून सुमारे ४४ किलो भरला असता. तो मुळीच तरंगला नसता.

मग स्थानकातील माणूस तरंगतो कसा? तो पडत असतो, म्हणून. आडवा फेकलेला दगड वाकत वाकत जमिनीवर येतो. अधिक जोराने फेकला तर अधिक दूर पडतो. स्थानक एका सेकंदात साडेसात किलोमीटरांहून अधिक पुढे जाते आणि तेवढ्यात चार मीटरांहून थोडे अधिक खाली येते. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही तेवढाच खाली वळलेला असतो. पडणे चालूच राहते, जमीन मात्र जवळ येत नाही. सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा होते.

हे शब्दांनी पटत नाही, प्रयोगाने पटते. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला तळाजवळ खिळ्याने एक भोक पाडावे. भोकावर बोट ठेवून डबा पाण्याने भरावा. बोट काढताच धार लागते. आता पुन्हा भरून, ओट्यावर उभे राहून, डबा हातातून सरळ सोडून द्यावा. डबा पडत असेपर्यंत धार थांबते. पडण्यास पाऊण सेकंदही लागत नाही, म्हणून प्रयोग चार-पाच वेळा करावा आणि मुलांना भोकाकडेच पाहण्यास सांगावे. येथे गुरुत्वाकर्षण कोठे गेले? कोठेच नाही, डबा पडला तो त्यामुळेच. पाणी व डबा सारख्याच वेगाने पडत असल्यामुळे पाण्याचा भार डब्यावर येत नाही, एवढेच. डब्याच्या ठिकाणी यान आणि पाण्याच्या ठिकाणी अंतराळवीर कल्पिला की पाठाचा गाभा हाती येतो. ‘शून्य गुरुत्व’ हा रूढ शब्द या ठिकाणी दिशाभूल करतो. त्याऐवजी ‘वजनरहित अवस्था’ म्हणावे.

भार नसलेले शरीर मात्र सुखात असते असे नाही. पायांकडील रक्त व द्रव वर सरकून चेहरा सुजल्यासारखा दिसतो. शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा सुमारे एक टक्क्याने घटते, स्नायूही क्षीण होतात. यासाठी स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. १९८४ साली राकेश शर्मा यांनी ‘साल्यूत ७’ या सोव्हिएत स्थानकावर योगासनांचे प्रयोग केले, ते याच प्रश्नासंबंधी होते. २०२५ साली शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले. ही दोन नावे मुलांना अवश्य सांगावीत.

चंद्राची गोष्ट निराळी. तेथे उभा असलेला माणूस पडत नसतो. त्याला वजन असते, पण पृथ्वीवरच्या एक षष्ठांश. तो तरंगत नाही, उड्या मारीत चालतो. तेथे हवा जवळजवळ नाहीच. १९७१ साली ‘अपोलो १५’चे डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा व पीस एकदम सोडले, तेव्हा दोन्ही बरोबरच चंद्रभूमीवर टेकले.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा. पृथ्वीवर मोजलेला एक किलो गूळ चंद्रावर नेला, तर ताणकाटा किती दाखवील, आणि वाण्याचा दोन पारड्यांचा तराजू किती दाखवील? ताणकाटा एक षष्ठांश किलोच दाखवील. तराजूत मात्र गुळाबरोबर वजनाचे मापही हलके झालेले असेल, म्हणून तो पूर्ण एक किलो दाखवील. आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकात? तेथे दोन्ही काटे निरुपयोगी ठरतील. उत्तर लगेच सांगू नये. मुलांना ते दुसऱ्या दिवसापर्यंत शोधू द्यावे.