नळी बदलण्याआधी

पोरी, कोल्हापूर सोडून तू मुनिरक्यात खोली घेतलीस ती तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर सराव करायला. तिथं एक सल्ला तुला फुकट मिळेल: गुण अडले की बॅरल बदल. माझी नोकरी फौजेच्या शस्त्रागारात गेली, म्हणून सांगतो. नळी बदलावी लागते, नाही असं नाही. पण तिची पाळी सगळ्यांत शेवटी येते. त्याआधी काय बघायचं आणि पाळी आलीच तर काय करायचं, ते नीट ऐक.

आधी दोष कुणाचा, ते ठरव. 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं असतं. .22 ची चांगली नळी, तिला मानवणारी गोळी मिळाली तर, दहाही गोळ्या त्याच्या निम्म्या जागेत बसवते. पिस्तूल रेस्टवर पक्कं धरून दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप काढून घे. रेस्टवर ग्रुप घट्ट येतो आणि हातात फाकतो, तर नळीला बोल लावू नकोस. मनगट, ग्रिप आणि ट्रिगरवरचं बोट यांच्याकडे बघ. रेस्टवरही फाकला, तरच पुढचं वाच.

मग गोळी बदलून बघ. एकाच कंपनीच्या, एकाच डब्याच्या रंगाच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक पडतो. एका नळीला जो लॉट मानवतो तो शेजारणीच्या नळीला मानवेलच असं नाही. चार-पाच लॉट रेस्टवरून तपास, जो जमला तो वर्षभराचा घेऊन ठेव. नव्या नळीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि बहुतेकांचं दुखणं इथंच बरं होतं.

मग साफसफाई. .22 ची गोळी मऊ शिशाची असते. चेंबर संपून पिळाच्या खाचा सुरू होतात तिथं काजळी आणि शिसं यांचं कडं धरतं. ते साचलं की ग्रुप फाकतो. नळी मागून पुढं साफ करायची, चेंबरकडून तोंडाकडं. ओढायची दोरी वापर, पोलादी गज नको. नळीच्या तोंडाची कड, जिला आम्ही क्राउन म्हणतो, तीच गोळीला शेवटचा स्पर्श करते. तिथं बारीकसा ओरखडा पडला तरी गोळी तिरकी निघते. माझ्या पाहण्यात गोळ्या झाडून झिजलेल्या नळ्या थोड्या, गजानं घासून बिघडवलेल्या जास्त.

आणखी एक. .22 चं टोपण काडतुसाच्या कडेवर फुटतं, मध्यावर नाही. रिकाम्या चेंबरवर खटका मारत राहिलं तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथं खड्डा पाडते. मग रिकामं काडतूस अडकतं आणि लोक म्हणतात नळी गेली. ती गेलेली नसते. जाणता आर्मरर तो काठ सरळ करून देतो. ड्राय सरावासाठी पिस्तुलात वेगळी सोय असते, ती वापर.

हे सगळं करूनही रेस्टवर ग्रुप फाकतोच आहे, तर मग नळीचा विचार कर. आता निवडायची कशी?

परदेशातले व्हिडिओ बघून निवडू नकोस. त्यात दाखवतात ती बहुतेक 9 मिलिमीटरची पिस्तुलं. त्यांची नळी प्रत्येक गोळीला मागं सरकून झुकते आणि पुन्हा स्लाइडमध्ये अडकून बसते. ती दर वेळी त्याच जागी बसली पाहिजे, म्हणून तिथं घट्ट बसणाऱ्या नळीचं एवढं कौतुक. आपल्याकडं 9 मिलिमीटर हा निषिद्ध बोअर, सामान्य परवान्यावर मिळत नाही. तुझ्या .22 स्पोर्ट पिस्तुलाची नळी जागची हलत नाही, मागं जातो तो फक्त बोल्ट. त्यामुळं त्यांचा अर्धा सल्ला तुला लागूच नाही.

तुला बघायचंय ते हे. पहिलं, नळी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घे. मूळ भाग मिळत असताना दुसऱ्या कारखान्याचा घेण्यात शहाणपण नाही. दुसरं, .22 ला 16 इंचांत एक फेरा हा पीळ रुळलेला आहे, वेगळं काही कोणी विकत असेल तर कारण विचार. तिसरं, फार आवळ चेंबरच्या मोहात पडू नकोस. गोळी खाचांना टेकून बसते, ग्रुप सुंदर येतो. पण सेमी-ऑटोमध्ये गोळी पूर्ण आत जात नाही किंवा रिकामं काडतूस अडकतं. रॅपिडला टार्गेट 3 सेकंद समोर असतं, तेवढ्यात अडकलेलं पिस्तूल काय कामाचं?

चौथं, नियमपुस्तक उघड. 25 मीटरच्या पिस्तुलाला नळी 153 मिलिमीटरपर्यंत, दोन्ही माश्यांमधलं अंतर 220 मिलिमीटरपर्यंत, वजन 1400 ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा. भोकं पाडलेली नळी, मझल ब्रेक, कॉम्पेन्सेटर यांना बंदी. दुकानात फार देखण्या दिसणाऱ्या नळ्या इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर बाद होतात.

बसवायचं काम तुझं नाही. कानस हातात घेऊ नकोस, खोलीतल्या भावाला घेऊ देऊ नकोस. 1959 च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रातच मोडतो, आणि शस्त्र दुरुस्त करायला, बदलायला परवाना लागतो. परदेशातून नळी मागवायची तर आयातीचा परवाना लागतो. आधी राष्ट्रीय रायफल संघटनेत चौकशी कर. ही संघटना 1951 ची, तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. ज्या मावळंकर स्पर्धेतून तू राष्ट्रीय स्पर्धेला जाणार, ती त्यांच्याच नावाची. परवानाधारक आर्मररकडं दे, परवान्याची प्रत सोबत ने, पावती घे आणि जुनी नळी कुठं गेली याची लेखी नोंद ठेव. मुनिरक्याहून मेट्रो सोयीची खरी, पण मेट्रोत शस्त्र चालत नाही. पिस्तूल रेंजच्या शस्त्रागारात राहू दे.

परत आलं की लगेच सरावाला लागू नकोस. आधी डमी गोळ्या मॅगझिनमधून चढवून बघ, आत-बाहेर सुरळीत होतात का. मग रेंजवर, कोचसमोर, मॅगझिनमध्ये एकच गोळी. मग दोन, एका ओढीत दोन सुटल्या तर तिथंच थांब. रिकामी काडतुसं उचलून बघ. कुठं फुगलेलं, चिरलेलं दिसलं तर पिस्तूल आर्मररकडं परत. सगळं ठीक असेल तर पुन्हा रेस्टवर तेच तीन ग्रुप, त्याच लॉटचे, आणि जुन्या कागदांशेजारी ठेवून ताड. नव्या नळीला जुना लॉट मानवेलच असंही नाही, म्हणून लॉट पुन्हा तपास. माशी नव्यानं जुळव. ट्रिगरचं वजन तोलून घे. आणि हे सगळं मोठ्या स्पर्धेच्या दोन महिने आधी. आठवड्यावर स्पर्धा आली असताना नळीला हात लावू नये.

2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच रेंजवर अनिसा सय्यद आणि आपली राही सरनोबत यांनी 25 मीटरचं जोडीचं सुवर्ण घेतलं, आणि एकेरीत अनिसाला सुवर्ण, राहीला रौप्य मिळालं. पुढं 2018 ला पालेंबांगमध्ये राहीनं आशियाई सुवर्ण आणलं. पिस्तुलं जगात सगळ्यांकडं त्याच चार-पाच कंपन्यांची असतात. फरक धरणाऱ्या हातात असतो. तेव्हा बाई, एक वही कर. किती गोळ्या झाडल्या, कुठला लॉट, कधी साफ केली, रेस्टवर ग्रुप केवढा आला, हे रोज लिही. ती वही नळी बदल म्हणेल तेव्हा बदल. शेजारची म्हणते म्हणून बदलू नकोस.